'देशी'ची पाटी आणि खाली गुलमोहर

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या सोमवारच्या अंकात तुम्ही आमच्या भागातल्या शाळेच्या पटांगणावर भरलेल्या रोपांच्या सेलची बातमी छापलीत, 'देशी झाडांना सातारकरांची पसंती' असं हेडिंग आणि शेजारी चांगला मोठा रंगीत फोटो. बातमी वाचून आनंद झाला आणि मग फोटो बघितला. पुढच्या रांगेत गुलमोहराची रोपं, मागे बोगनवेल, कोपऱ्यात तो पिवळ्या पानांचा ड्युरांटा. गुलमोहर मादागास्करचा, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि ड्युरांटा पण अमेरिकेकडचाच. म्हणजे 'देशी' लिहिलेल्या फोटोत देशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खुर्चीवर बसलेला विकणारा मुलगा.

चिडून नाही लिहीत आहे हां. मी स्वतः त्या सेलला दोन तास होते, पाच रोपं घेऊन आले, त्यातलं एक चुकीचं निघालं, म्हणून लिहितेय.

आधी गुलमोहराचं सांगून टाकते, नाहीतर सातारकर माझ्या दारात मोर्चा आणतील. 1 मे ला गुलमोहर दिवस साजरा करणारं आपलं गाव, मे महिन्यात रस्त्यावर लाल सडा पडला की मलाही भरून येतं, माझं लग्न झालं तेव्हा स्टँडवरून घरी येताना पहिलं काय दिसलं असेल तर ते. त्याच्यावर माझा राग नाही. आणि परदेशी म्हणून सगळंच उपटायचं म्हटलं तर मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू, सीताफळ सगळं अमेरिकेकडून आलेलं आहे, दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, देवाला वाहतो तो पांढरा चाफा सुद्धा तिकडचाच. तेव्हा लावा की गुलमोहर, फक्त त्याला देशी म्हणून विकू नका एवढंच म्हणणं आहे.

आता माझी फजिती. मला सीताअशोक हवा होता. कधीपासून मनात होतं, अंगणाच्या पूर्वेला जरा सावली असते, भिंतीची ओल असते, त्याला तशीच जागा लागते असं वाचलं होतं. एका टेबलावर विचारलं, अशोक आहे का, तर विक्रेते म्हणाले आहे की मॅडम, ओरिजिनल आहे, दीडशे रुपये. दोन फुटाचं रोप, छान हिरवंगार. मी घरी आणून लावलं, आळं केलं, पाणी घातलं आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी आल्या त्या कुंपणावरूनच म्हणाल्या, अहो हा तर मंगल कार्यालयाबाहेर रांगेने उभा असतो तो! बघते तर खरंच, लांब निमुळतं एकेकटं पान आणि कडेला लाटा. तो आसुपालव. दक्षिणेकडचा आणि श्रीलंकेचा, खांबासारखा सरळसोट वाढणारा, सगळीकडे अशोक म्हणूनच खपतो. खऱ्या सीताअशोकाच्या एका देठावर पानांच्या चार-सहा जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस आणि अगदी मलूल झाल्यासारखी खाली लोंबते, नवख्या माणसाला वाटावं पाणी कमी पडलं, आणि फुलं फांदीलाच चिकटून गुच्छाने येतात, आधी पिवळी-केशरी मग लाल. सालीच्या औषधापायी जंगलात तो इतका तोडला गेलाय की आता धोक्यात आलेल्या झाडांमध्ये त्याचं नाव आहे. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी फसले, कारण गर्दी होती, पाऊस भुरभुरत होता आणि मला घाई होती. त्या विक्रेत्यांनी मुद्दाम फसवलं असं पण म्हणवत नाही, त्यांनाही नर्सरीवाल्याने अशोकच सांगितलं असणार.

तेच आपट्याचं. एका आजोबांनी माझ्यासमोर आपटा म्हणून कांचन घेतला. दोघांचं पान मधे दुभंगलेलं, उंटाच्या पावलासारखं, त्यामुळे दर दसऱ्याला बिचारा कांचन ओरबाडला जातो. आपट्याचं पान लहान, जाडसर, रुंदीला जास्त, आणि फुलं बारीक पिवळट पांढरी. कांचनाचं पान मोठं आणि फुलं गुलाबी-जांभळी, लांबून दिसणारी. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, असू दे पोरी, फुलं तरी बघायला मिळतील. यावर काय बोलणार.

पण नावाच्या घोळापेक्षा मोठा घोळ 'देशी' या शब्दाचा आहे असं मला वाटायला लागलंय. देशी म्हणजे कुठलं? आपल्या एका सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण-खटावात पाचशेच्या आसपास, म्हणजे दहा पटीहून जास्त फरक, काही तासांच्या एसटी प्रवासात. महाबळेश्वरची अंजनी माणमधल्या म्हसवडच्या उन्हात नेऊन लावली तर ती एप्रिल बघणार नाही. आणि उलट पण तेच. सेलमध्ये मात्र सगळं एकाच पाटीखाली, देशी झाडे, चाळीस रुपयांपासून पुढे.

माझ्या सासूबाई माणमधल्या दहिवडीकडच्या. मी सेलमधून तरवड आणला साठ रुपयाला, तर त्या पिशवीकडे बघून हसायलाच लागल्या. "अगं, ह्याला पैसं दिलंस? आमच्या बांधावर ढीगभर हाय की. शेळीबी तोंड लावत न्हाय त्याला." मी म्हटलं आई, म्हणून तर आणला, गेटाबाहेर लावायचाय, तिथे शेळ्या काही टिकू देत नाहीत. मग जरा वेळाने त्यांनाच आठवायला लागलं, त्याची साल कातडं कमवायला न्यायचे, दुष्काळात सगळं वाळलं तरी तरवड पिवळाधमक फुललेला असायचा, वगैरे. आता रोज गेटापाशी जाऊन बघतात आणि मला बजावतात, पाणी घालू नको एवढं, मरंल. माझ्या मते सेलमधली सगळ्यात शहाणी खरेदी ती. गावातल्या बंगल्यांच्या कुंपणाला जिथे तिथे ड्युरांटा कापून कापून चौकोनी केलेला असतो, तिथे तरवड किंवा करवंदाची जाळी लावून बघा. करवंदाला काटे आहेत त्यामुळे कुत्री-मांजरी पण आत येत नाहीत आणि मे मध्ये वाटीभर करवंदं मिळतात ती वेगळी, अर्थात पोरांच्या हातून वाचली तर.

आणि देशी आहे म्हणून अंगणात चालेलच असंही नाही. सप्तपर्णी आपल्या सह्याद्रीतलीच, पण दिवाळीच्या आसपास खिडकीशी फुलली की डोकं धरतं, आमच्या गल्लीत एक आहे त्यामुळे स्वानुभव आहे. बहावा सुंदरच, पण तो तीस-चाळीस फूट जाणार आणि माझं अंगण आहे वीस बाय बारा. सेलमध्ये एक ताई कुंडीत लावायला वडाचं रोप नेत होत्या, मला बोनसायचं काही कळत नाही म्हणून गप्प बसले. लहान जागेला प्राजक्त, कुंद, जुई, अडुळसा, कोरांटी, धायटी यातलं काहीतरी बघावं. धायटी तर हिवाळा संपता संपता लालभडक होते आणि सूर्यपक्षी दिवसभर लोंबकळत असतात, तिला ना खत लागतं ना लाड, तरी सेलमध्ये एकाच टेबलावर होती आणि ती पण मागे, दिसेल न दिसेल अशी, कारण पिशवीत ती अगदीच काड्या-काड्या दिसते. पुढे काय मांडायचं तर जे आत्ता फुललंय ते. आम्ही घेणारे पण फुलाकडे बघूनच घेतो, हे मान्य.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते. एका टेबलावर शेवाळात गुंडाळलेल्या आमरी, म्हणजे रानातली ऑर्किड, होत्या, चार-पाच, फांदीचा तुकडा अजून मुळांना चिकटलेला. शेजारी ट्रेमध्ये बारीक बारीक काहीतरी, विचारलं तर अभिमानाने म्हणाले, कासच्या पठारावरनं आणलंय. मला क्षणभर कळेचना काय बोलावं. कास 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आपण सगळे सप्टेंबरात तिकिटं काढून बघायला जातो, आणि तीच रोपं इथे ट्रेमध्ये, वर परत 'देशी'ची पाटी. अहो ती झाडं त्या जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरच्या बोटभर मातीत जगतात, त्या मातीत कस नाही म्हणून तर दवबिंदू नावाच्या वनस्पतीसारखी झाडं किडे खाऊन पोट भरतात, त्यांना तुम्ही कुंडीत शेणखत घालून जगवणार आहात का? एक पण जगत नाही, आणि तिथून एक कमी होतं ते होतंच. मी तसं त्यांना म्हटलं तर म्हणाले, मॅडम घ्यायचं नसेल तर राहू द्या. बरोबर आहे, त्यांचा धंदा आहे. पण मग घेणाऱ्यानेच विचारायला हवं ना, हे बियांपासून केलंय, कलम आहे का रानातून उपटलंय. प्लास्टिकच्या पिशवीत वाढलेलं रोप आणि काल उपटून पिशवीत कोंबलेलं रोप यातला फरक कळतो, बुंध्याला धरून हलकेच हलवा, उपटलेलं असेल तर मातीत डुगडुगतं. जंगलातून उपटून आणलेलं देशी झाड विकत घेण्यापेक्षा नर्सरीतला गुलमोहर घ्या, असं मी गुलमोहरावर एवढं बोलून सुद्धा म्हणेन.

बाकी पिशवीचं अजून एक, लोक उंच रोप बघून घेतात, सहा फुटाचं घेतलं म्हणजे दोन वर्षं वाचली असं वाटतं. ते वर्षानुवर्षं त्याच पिशवीत असेल तर मुळं आत गोल गोल गुंडाळली जातात आणि जमिनीत लावल्यावर पण गोलच फिरत राहतात. दीड-दोन फुटाचं बरं. मी दहा वर्षांपूर्वी असा एक उंच बकुळ आणला होता, तो अजून जवळपास तेवढाच आहे.

आणि एक विनंती. रोप देताना सोबत औषधाची बाटली गळ्यात मारू नका हो. मी कढीपत्ता घेतला तर लगेच म्हणाले, अळी पडेल, हे मारा. कढीपत्त्यावर अळी पडणारच, लहान असताना ती हुबेहूब चिमणीच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवी होते, मग तिचं फुलपाखरू होतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 मध्ये जाहीर झालेलं, ते सुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. एकीकडे राज्याचं मानचिन्ह आणि दुसरीकडे त्याच्या अळीला फवारा. आमच्याकडे दोन दिवस आमटी कढीपत्त्याविना झाली तर काही बिघडत नाही, सासूबाई कुरकुर करतात ते सोडून द्या.

आता तुमच्याकडे मागणं असं की पुढच्या वेळी बातमी देताना 'देशी' हा शब्द छापायच्या आधी फोटोत काय आहे ते कुणाला तरी विचारा, गावात कॉलेजं आहेत, वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक आहेत, फोन केला तर आनंदाने सांगतील. आणि जमलं तर पावसाळाभर दर रविवारी पुरवणीत एवढीशी चौकट द्या, आपल्या जिल्ह्यातलं एकच झाड, नाव, कोरड्या माणकडचं का पावसाळी जावळीकडचं, किती वाढतं, कधी फुलतं, बस. राशीभविष्याच्या अर्ध्या जागेत होईल, राशीभविष्य कमी करा असं मी म्हणत नाही, ते घरात वाचलं जातं.

सेलवाल्यांना पण मी हेच सांगितलं, प्रत्येक पिशवीला एक कार्ड लावा, त्यावर खरं नाव, उंची, ऊन की सावली, आणि रोप कुठून आलं. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. फोटोतला तो खुर्चीवरचा मुलगा मात्र म्हणाला, काकू माझं अक्षर घाण आहे, तुम्ही लिहून द्याल का? पुढच्या रविवारी परत सेल आहे, त्याने मला नऊला मार्कर घेऊन बोलावलंय, आणि माझा आसुपालव परत घेऊन सीताअशोक मिळतो का बघतो म्हणालाय. फोटोग्राफर पाठवणार असाल तर अकराच्या आत पाठवा, नंतर पाऊस येतो.

तुमची जुनी वाचक,
सातारा