बाळाला न्यायचं काय?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

ताईला बाळ झाल्याचं कळवलंस आणि खाली एकच ओळ लिहिलीस, ‘काय नेऊ ते सांग.’ त्या एका ओळीचं उत्तर लांबणार आहे, सवडीने वाच.

सगळ्यात आधी, अगदी नवजात मापाचे कपडे नेऊ नकोस. ते सगळेच नेतात. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं आणि मग आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमच्या चालीने वाढायला लागतं. त्यामुळे ते माप चार-सहा आठवड्यांत तोकडं होतं आणि निम्मे कपडे घडी न मोडता कपाटात जातात. तू सहा ते नऊ महिन्यांचं माप घे. त्या वयाला ऋतू कोणता येतो तेवढं बोटांवर मोजून बघ, नाहीतर लोकरीचा स्वेटर भर उन्हाळ्यात अंगाला यायचा.

कपडा निवडताना नक्षी नंतर बघ, आधी तो घालायचा कसा ते बघ. पाठीला बटणं असतील तर नको, बाळ दिवसभर पाठीवरच असतं. पहिल्या महिन्यात बाजूला बंद बांधायचं झबलं सर्वांत सोयीचं, कारण डोक्यातून ओढावं लागत नाही आणि नाळेवर घासत नाही. थोड्या मोठ्या मापात खांद्यावर कापडाच्या दोन पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या असतात, ती शोभा नव्हे. शी पाठीवरून मानेपर्यंत चढली (आणि ती चढते) की असा कपडा गळा रुंदावून खांद्यांवरून खाली, पायांकडून काढता येतो, म्हणजे घाण तोंडावरून जात नाही. हे बऱ्याच आईबापांना उशिरा कळतं, ताईला आत्ताच सांग. रात्रीसाठी खालूनही उघडणारी चेन असलेला अंगभर कपडा घे. रात्री तीन वाजता टिचबटणं जुळवताना शेवटी एक उरतंच.

हातमोजे-पायमोजे घेतलेस तर उलटे करून आतले सुटे दोरे कापून दे. आतला दोरा किंवा आईचा गळलेला केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, बोट सुजतं, सुजेमुळे फास आणखी आवळतो आणि रक्तपुरवठा थांबतो. बाळ कारण न सापडता रडत असेल तर मोजे काढून एकेक बोट बघायचं. फास दिसला आणि सहज निघाला नाही, तर तडक दवाखान्यात न्यायचं.

डायपर ही भेट दिसायला रुक्ष, पण संपणारी आणि म्हणूनच हवीशी. सुरुवातीला दिवसाला दहाच्या आसपास लागतात, म्हणजे महिन्याला जवळजवळ तीनशे. माप वयावर नसतं, वजनावर असतं. तेव्हा आत्ताच्या मापाच्या पुढचं घे, आणि एकाच मापाचा गठ्ठा उचलू नकोस. मांडीवर लाल वळ उमटले किंवा पट्ट्या पोटावर ओढून लावाव्या लागल्या की माप बदलायची वेळ झाली. गळती मात्र दर वेळी मापामुळेच होते असं नाही. पुष्कळदा मांडीजवळची झालर आत दुमडलेली राहते आणि शू तिथून बाहेर येते. डायपर लावल्यावर दोन्ही मांड्यांच्या कडेने बोट फिरवून झालर बाहेर काढायची, मुलगा असेल तर शूची जागा खाली वळवायची, आणि नाळ पडेपर्यंत पुढची कड नाळेच्या खाली दुमडायची.

कापडी लंगोट वापरणार असतील तर दोन डझनाखाली भागत नाही. लंगोट आणि मलमलची दुपटी वापरण्याआधी एकदा धुवायची, पण कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात बुडवायची नाहीत. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. मलमल धुऊन धुऊन आपोआप मऊ पडते. पुरळावर झिंक ऑक्साइडचं मलम चांगलं, मात्र त्वचा पूर्ण कोरडी झाल्यावरच. ओल्यावर थापलं तर ओल आतच कोंडते. पावडरचा डबा नेऊच नकोस, तिची धूळ बाळाच्या श्वासात जाते.

आता झोपेचं. इथेच सुंदर वस्तू घात करतात. उशी, पाळण्याच्या कडेला बांधायच्या गाद्या, जाड रजई, उशाशी ठेवायचं मऊ अस्वल, यातलं काहीही नको. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, ताणून बसवलेल्या चादरीवर झोपवायचं आणि आजूबाजूला काहीच ठेवायचं नाही. पांघरुणाऐवजी बिनबाह्यांची झोपायची पिशवी दे. गळा आणि बगल एवढे बेतशीर हवेत की डोकं आत सरकणार नाही. गुंडाळायला सव्वा मीटर चौरस मलमल पुरते. छातीपाशी आपली बोटं आत शिरावीत आणि पाय बेडकासारखे दुमडता-फाकवता यावेत, कारण पाय सरळ ताणून बांधले की खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं बंद.

झुलत्या खुर्चीत बाळ झोपलं तर उचलून गादीवर ठेवायला सांग. तिरक्या बैठकीत हनुवटी छातीवर पडते आणि श्वास अडतो. आणि चाकांचा वॉकर कितीही गोड दिसला तरी नको. त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यापर्यंत मात्र लवकर पोचतं. कॅनडाने 2004 साली त्याची विक्रीच बंद केली.

थर्मामीटर साधा डिजिटल, मऊ टोकाचा. ताईला एकच आकडा पाठ करायला लाव. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल, तर घरी औषध न देता लगेच डॉक्टर.

खेळण्यांना घाई नाही. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरपलीकडचं धूसर दिसतं, त्यामुळे ठळक काळ्या-पांढऱ्या चित्रांचे दोन-चार पुठ्ठे पुरतात. पुढे कधी खेळणं घेशील तेव्हा बटणासारख्या चपट्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघ. ती गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

ताईसाठीही काहीतरी ने, तिचं कुणाला सुचत नाही. बाळंतपणानंतर रक्तस्राव चार ते सहा आठवडे चालतो, म्हणून लांब, जाड पॅड. टाक्यांवर हलकी धार सोडायला दाबायची बाटली. एका हाताने उघडणारी पाण्याची बाटली, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं आणि पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो. पुढून उघडणारे दोन गाऊन. पलंगापर्यंत पोचणारी चार्जरची लांब वायर. ब्रेस्ट पंप मात्र न विचारता घेऊ नकोस. त्याची वाटी स्तनाग्राच्या मापाची लागते. लहान पडली तर घासते, मोठी पडली तर भोवतालची त्वचाही आत ओढते, आणि दोन्हींत दुखतं. पंप आधीच असेल तर दूध साठवायच्या पिशव्या दे आणि एका चिठ्ठीवर लिही: ताजं दूध खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, फ्रीजरमध्ये 6 महिने. चिठ्ठी फ्रिजच्या दारावर लावायला सांग.

जे नेशील त्याचं लेबल काढू नकोस आणि पावती पिशवीत राहू दे, म्हणजे माप बदलता येईल. गेल्यावर बाळ मांडीवर घेऊन बसण्याआधी हात धू. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नकोस. आणि निघताना दोरीवरचे वाळलेले लंगोट घडी करून ठेव.

तुझा,
श्रीधर