काकूंचा शाळिग्राम आणि लांग्झाचा समुद्र

चरई, ठाणे
दि. १२ जुलै

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये उभा होतो. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या हिक्कीमहून टाकलेलं कार्ड नेरुळला तुझ्या हातात पडलं, हे ऐकून फार बरं वाटलं. पण मी "सप्टेंबरात तूही स्पितीला चल" म्हटल्यावर तू म्हणालास, "त्या उघड्याबोडक्या डोंगरांत बघायला आहे काय?" तेवढ्यात मुंब्रा आलं, आवाज तुटला आणि उत्तर माझ्यापाशीच राहिलं. दोन दिवस ते डोक्यात घोळतंय. बाहेर पावसाने झोडपलंय, कुठे जायचं नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

बाळू, तुमच्या देवघरातला शाळिग्राम आठव. चाळीत असताना आपण खेळून आलो की काकू त्याला हात लावू द्यायच्या नाहीत. आंघोळ करून ये, मग बघ, म्हणायच्या. काळाभोर, गुळगुळीत, एका बाजूने फुटल्यासारखा आणि आत ते चक्र. तू विचारलं होतंस, दगडात हे कोणी कोरलं? काकूंनी वज्रकीटकाची गोष्ट सांगितली होती. दगड कोरणारा किडा! त्या रात्री गॅलरीत झोपताना तू कितीतरी वेळ त्याच्याबद्दल बोलत होतास. मला ते लख्ख आठवतं.

तेच चक्र मी जूनमध्ये लांग्झाला हातात धरलं.

लांग्झा म्हणजे स्पितीतलं एक छोटं गाव, जवळजवळ साडेचौदा हजार फुटांवर. पांढऱ्या मातीची सपाट धाब्याची घरं, कौलं कुठेच नाहीत. धाब्यांच्या कडेने जळण आणि गवत रचून ठेवलेलं. वर चाउ चाउ कांग निल्डाचं बर्फाळ शिखर. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई दुपारी मला गावामागच्या ओढ्यात घेऊन गेल्या. पायाखाली सगळा काळा, ठिसूळ, पापुद्र्यांचा दगड. मध्येच एखादा लिंबाएवढा गोटा. त्यांनी खाली वाकून एक गोटा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तो आधीच दुभंगलेला होता. दोन्ही अर्धी उघडली, तर आत वेटोळं घालून बसलेला शंख. एका भागात उंचवटे, दुसऱ्यात तेवढ्याच खाचा. वळ्या इतक्या नीटस की नखाने चाचपून मोजता याव्यात.

त्याला अमोनाइट म्हणतात. माखलाच्या कुळातला, शंख पाठीवर घेऊन समुद्रात पोहणारा प्राणी. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तो मेला, तळाच्या चिखलात रुतला आणि चिखलाबरोबर दगड झाला. तो समुद्र म्हणजे टेथिस. पुढे भारताचा भूखंड सरकत जाऊन आशियाला धडकला, मधल्या समुद्राचा तळ चुरगळत वर उचलला गेला, आणि हिमालय झाला. काकूंचा शाळिग्राम नेपाळातल्या गंडकीचा. तिथला काळा दगडही याच थरातला, आणि भूगर्भशास्त्रात त्या थराला नावच स्पिती शेल असं आहे; शेल म्हणजे असा पापुद्र्यांचा दगड. म्हणजे तुझ्या देवघरात आणि माझ्या तळहातावर एकाच समुद्राचे दोन रहिवासी होते.

आता आपल्याकडचं बघ. कल्याणला कॉलेजात जाताना फास्ट लोकलने ज्या पारसिकच्या बोगद्यातून रोज जायचो, तो डोंगर लाव्हारस थंड होऊन झालेला. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. आपण ज्या सह्याद्रीला आदिम समजून त्याच्या कड्यांखाली डोकं टेकवत आलो, त्याच्या दुपटीहून जुना चिखल तिथे ओढ्यात उघडा पडलाय आणि पोरं त्यावरून शाळेत जातात. मी खाडीकाठचा माणूस. भरतीच्या चिखलाचा वास नाकात घेऊन वाढलेला. साडेचौदा हजार फुटांवर समुद्राच्या तळात उभा राहिलो तेव्हा मला खरोखर रडू आलं.

तो दगड मी तुझ्यासाठी खिशात घालणारच होतो. बाई म्हणाल्या, "इसे यहीं रहने दो." पर्यटक पिशव्या भरभरून नेतात, कोणी विकत मागतं म्हणून कोणी विकायलाही बसतं, आणि ओढा दरवर्षी रिकामा होत चाललाय. मी दोन्ही अर्धी जुळवून होती तिथे ठेवली. म्हणून तुझ्यासाठी काही आणलं नाही. ते बघायचं तर तुलाच यावं लागेल, आणि माझं मुख्य कारण हेच आहे.

बाकीचीही आहेत. स्पितीतल्याच ताबो गावचा बौद्ध मठ हे त्यातलं मोठं. बाहेरून बघशील तर मातीच्या चार बुटक्या भिंती, कळस नाही, नक्षी नाही. ९९६ साली बांधलेला. ज्ञानेश्वरी १२९०ची, म्हणजे तिच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीपासून तिथे पाठ चालू आहे, आणि आजही चालतो. आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. भिक्षूंनी बॅटरी फिरवली आणि भिंतीतून पुढे झुकलेली माणसाएवढी माणसं दिसायला लागली. नुसत्या मातीच्या मूर्ती, न भाजलेल्या, रंग अजून ओठांवर आणि उत्तरीयाच्या काठावर. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. दहावीच्या सहलीत आपण अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा सरांनी "बोलू नका, बघा" असं दटावलं होतं. इथे दटावायला कोणी नव्हतं, तरी मोठ्याने बोलवेना. फोटो काढायला बंदी आहे, आणि मला ती फार योग्य वाटली. नुसते डोळे वापरायची सवय आपली गेली आहे.

१९७५ च्या किन्नौरच्या भूकंपात या मठाला मोठा तडाखा बसला होता. मातीच्या भिंती, त्यात भूकंपाचा पट्टा. आज आहे म्हणून बघून घ्यावं, असं मला वाटतं.

आता तुझ्या तब्येतीचं. तू बोलला नाहीस, पण मनात तेच आहे हे मला कळतं. आधी डॉक्टरांना भेट, रक्तदाबाचं सगळं सांग, विरळ हवेसाठीची गोळी घ्यायची की नाही हे त्यांनाच ठरवू दे. ते नको म्हणाले तर विषय संपला, मी पुन्हा काढणार नाही. पण हो म्हणाले तर रस्ता मी सांगतो तोच धरायचा. काही वर्षांपूर्वी मी एका टूरवाल्याबरोबर गेलो होतो, तुला माहीत आहे. त्याने मनालीहून एका दिवसात काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावाला, नेलं. साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडून संध्याकाळी उतरलो तेव्हा डोकं फुटतंय असं वाटत होतं. रात्रभर उलट्या, दुसऱ्या दिवशी परत खाली. त्या माणसाने निघताना उंचीबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं, त्याचा राग मला अजून आहे. २०२० पासून मनालीच्या पुढे अटल बोगदा झालाय, नऊ किलोमीटरचा. रोहतांग खिंडीचा वळसा वाचतो, पण माणूस आणखी लवकर वर पोचतो, शरीराला वेळच मिळत नाही.

म्हणून या वेळी सिमल्याच्या बाजूने गेलो. रामपूर, रेकाँग पिओ, मग सतलजच्या काठाने वर. रोज थोडी थोडी उंची. पिओहून हिमाचल परिवहनची बस पहाटे निघते. खिडकी डावीकडची की उजवीकडची यावर वाद नको, दोन्हीकडे दरी येते. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथे रस्ता अक्षरशः कातळाच्या जबड्यातून जातो. पुढे झाडं संपतात. एकेक करून संपतात, आणि मग तू म्हणतोस ते उघडेबोडके डोंगर सुरू होतात. जांभळे, राखाडी, गेरूचे, मध्येच हिरवट. झाडांनी झाकलेलं नाही म्हणूनच डोंगराचं पोट दिसतं. थर आडवे, तिरके, कुठे पोळीच्या घडीसारखे दुमडलेले. नाको, ताबो, मग काझा असं मुक्काम करत गेलो, आणि डोकं एकदाही दुखलं नाही.

मुक्काम गावातल्या घरीच करू. जेवायला थुक्पा, मोमो, आणि त्साम्पा, म्हणजे आपल्या सातूच्या पिठाचाच सख्खा भाऊ. लोण्याचा खारट चहा पहिल्या दिवशी आवडणार नाही, तिसऱ्या दिवशी मागून घेशील. पाणी बर्फाचं, मोजकं. संडास कोरडा असतो, वरून माती लोटायची. त्याचं खत शेतात जातं. वहिनींना हे आधी सांग. त्यांना जमेल असं मला वाटतं, पण अचानक कळायला नको.

हिक्कीमचं टपाल ऑफिस तर तुला बघायलाच हवं. १९८३ पासूनचं, जगात सगळ्यात उंचावरचं म्हणून प्रसिद्ध. एवढीशी खोली. मी तुझं कार्ड तिथल्या भिंतीला टेकून लिहिलं, म्हणून अक्षर तसं आहे.

गौरी-गणपती आटोपले की निघू. पावसाळ्यात किन्नौरला दरडी कोसळतात, तोपर्यंत ते थांबलेलं असेल, बार्लीची कापणी चालू असेल आणि कुंझुमही उघडी असेल. शेवटी शेवटी शरीर सरावलेलं असतं, म्हणून परतताना चंद्रताल सरोवरावरून मनालीला उतरू. वांद्र्याहून चंदीगडची तिकिटं साठ दिवस आधी उघडतात. डॉक्टरांचं काय ते या आठवड्यात कळव, मी लगेच आरक्षणाला बसेन.

आणि एक काम कर. उद्या पूजेच्या वेळी शाळिग्राम उजेडात धर आणि चक्राच्या बाहेरच्या वेढ्यावरच्या वळ्या मोज. माझ्या हातातल्यावर एकतीस भरल्या, बत्तिसावी झिजली होती. तुझ्या किती ते लिही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
दत्ता