जुनी गाडी भंगारात घालायच्या आधी थोडं थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने जुन्या गाड्यांबद्दल सारख्या बातम्या येतायत आणि त्या वाचून आमच्या सोसायटीतल्या दोघांनी धावत्या, धडधाकट गाड्या मिळेल त्या भावात काढून टाकल्या, म्हणून हे पत्र लिहायला बसले. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यायचं नाही असा हुकूम लागू झाला आणि काही दिवसांतच थांबवावाही लागला, पण इकडे पुण्यात लोकांनी त्याची धास्तीच घेतली. ती वयाची अट दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली आहे. आपल्याकडे खाजगी गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पास झाली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते, मग परत पाच. आमच्या गाडीची २०१२, २०१७ आणि २०२२ अशी तीन वेळा वाढवून घेतलीय.

ती गाडी म्हणजे टाटा इस्टेट, १९९७ ची. नव्या पिढीला नावसुद्धा माहीत नसेल. टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, १९९१ मध्ये सिएरा काढली आणि १९९२ मध्ये ही इस्टेट, दोन्ही पुण्यातच बनायच्या, इंजिन तेच १९४८ सीसीचं डिझेल, ६८ हॉर्सपॉवरचं. लांबलचक गाडी, मागे डिकीच्या जागी सरळ छतापर्यंत उघडणारं दार, म्हणजे ज्याला स्टेशन वॅगन म्हणतात ती. आपल्याकडे हा प्रकार कधी चाललाच नाही. पुढे बलेनो अल्टुरा आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, २००४ मध्ये टाटांचीच इंडिगो मरीना आली, पण लोकांना मागे वेगळी डिकी दिसली नाही की ती गाडीच वाटत नव्हती. त्यामुळे आता रस्त्यावर इस्टेट दिसली तर माणसं थांबून बघतात.

माझे बाबा टेल्कोत होते. सगळी नोकरी कोथरूडहून कंपनीच्या बसने पिंपरीला जाऊन केली आणि निवृत्त व्हायच्या चार वर्षं आधी ही गाडी घेतली, कारण गाव चिपळूणजवळ आणि जायचं तर आजीसकट सगळ्यांनी एकदम. पॉवर विंडोचं बटण दाबून बघायला अख्ख्या वाड्यातली पोरं यायची. मागची सीट पाडली की आत तांदळाची पोती, आंब्याच्या पेट्या, गणपतीची मखर, काय वाटेल ते मावायचं. २००३ साली आजीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मागे गादी टाकून, तिला आडवी ठेवून बाबांनी कुंभार्ली घाट चढून, पाटणवरून पुण्यापर्यंत आणलं, आणि वाटेत तिला एक हिसका बसू दिला नाही. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की विकायची वेळ आली तेव्हा ती कोणालाही देऊन टाकणं मला शक्य नव्हतं.

बाबा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मला इतकी लांब गाडी गल्लीत वळवता येत नाही, मुलगा बाहेरगावी, आणि गाडी नुसती उभी राहिली की जास्त खराब होते हे डोळ्यासमोर दिसत होतं. आधी एका जुन्या गाड्यांच्या डीलरला बोलावलं तर त्याने बोनेटसुद्धा उघडलं नाही, बाहेरून एक चक्कर मारली आणि भंगाराचा भाव सांगितला, पस्तीस हजार. वर म्हणाला, ताई, आता ही कोण घेणार.

मग ओळखीतून ओळख काढत कोल्हापूरचा एक मुलगा आला. तिशीतला, उद्यमनगरात त्याचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि जुन्या भारतीय गाड्यांचं वेड. त्याच्या आधी दोघं-तिघं फोनवर "गाडी कंडिशनमध्ये आहे ना" एवढंच विचारून गप्प झाले होते, म्हणून याला मी फोनवरच सांगितलं की बाबा रे, कंडिशनमध्ये नाहीये, आधी सगळं ऐक आणि मग पुण्याला यायचं तर ये. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा मॅटखाली गंजलाय, बोट जाईल एवढं भोक आहे. मागचं दार वर धरून ठेवणारे दोन्ही दांडे गेलेत, बांबूची काठी लावावी लागते. एसी २०१५ पासून बंद. दुसरा गिअर सकाळी गार इंजिनला अडतो, डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबल्याशिवाय पडत नाही. मागून ऑइल गळतं, खाली पुठ्ठा ठेवावा लागतो. डाव्या बाजूचा मागचा लाइट फुटलाय आणि त्याची काच कुठेच मिळत नाही. तो सगळं ऐकून म्हणाला, "काकू, रविवारी येतो."

आला तो सकाळी साडेसातला, आणि मला आधीच सांगून ठेवलं होतं की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका, गार इंजिन कसं उठतं ते बघायचंय. डिझेल इंजिन सुरू करण्याआधी आतून गरम करणाऱ्या हीटरचा दिवा दोनदा जाऊ दिला आणि सेल्फ मारला, पांढरा धूर आला आणि मिनिटभरात गेला. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरून बराच वेळ नुसता उभा राहिला, आतून हवा किती मारतेय, म्हणजे इंजिन किती झिजलंय, ते बघत. खिशातून लोहचुंबक काढला, फडक्यात गुंडाळून दारांवरून, चाकांच्या वरून फिरवत गेला, मागच्या उजव्या चाकाच्या वर चुंबक धरेना, तिथे लांबी, म्हणजे पत्र्याचा खड्डा बुजवायची पुट्टी, भरलेली होती. ते मला माहीतच नव्हतं! मला खरंच वाईट वाटलं, कारण मी त्याला सगळं सांगितलं असं म्हणून बसले होते. मी आत जाऊन बाबांची वही आणली.

ही वही बाबांनी पहिल्या दिवसापासून ठेवलेली. किती डिझेल, किती किलोमीटर, कधी ऑइल बदललं, कोणता पार्ट किती रुपयाला, सगळं निळ्या पेनने, आणि दुरुस्तीची नोंद असेल तर लाल. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून पानं उलटली तर २००६ च्या पावसाळ्यात सापडलं, "मागील उजवे मडगार्ड, बसचा धक्का, टिंकरिंग व रंग". मग तो दुसरा गिअर शोधायला लागला, तो २०११ पासून अडतोय आणि गिअरबॉक्स तेव्हा खोललेलाच नाही हेही त्यातच मिळालं. तो खूश झाला, म्हणाला, "म्हंजे आत कुणी हात घातलेला न्हाई, हे बरंच की." मला जो दोष वाटत होता तो त्याच्या दृष्टीने चांगली बातमी होती, कारण आधीच्या कोणाच्या जुगाडाशी त्याला झगडावं लागणार नव्हतं.

गाडीखाली पोतं टाकून तो अर्धा तास पडून होता. चासी ठोकून बघितली, ती शाबूत निघाली, आणि त्याच्या मते तेवढं असलं की बाकीचं सगळं होतं, पत्रा कापून नवा लावता येतो, दाराचे दांडे दुसऱ्या गाडीचे बसवता येतात, बुश तर तो स्वतः लेथवर काढणार. मी भाव सांगायच्या आधीच त्याने ऐंशी हजार सांगितले. मी सत्तर घेतले आणि दहा पत्र्याच्या कामाला लाव म्हटलं.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की जुन्या गाडीचे दोष लपवून ती विकली जात नाही, जाणकार माणूस पाच मिनिटांत ओळखतो आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. मी चुका आधी सांगितल्या म्हणून तो लांबीचा प्रकार निघाल्यावरसुद्धा बसून राहिला. आणि दुसरं, कागद. गाडी दिली, पैसे घेतले, सह्या केलेले कोरे फॉर्म हातात दिले आणि झालं, असं कृपया कोणी करू नका. नाव ट्रान्सफर झालं नाही तर उद्या ई-चलनही तुमच्या नावावर येतं आणि अपघाताची नोटीसही. कायद्यात राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं असतं. आम्ही नाव ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० त्याच आठवड्यात भरले, नवीन एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही मी आधीच बसवून घेतली होती, कारण त्याशिवाय आरटीओची कामं अडतात.

सरकारकडेही एक मागणं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी वाढवायची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. जी गाडी रोज शहरात धूर सोडत फिरते तिला जास्त पैसे पडावेत हे मला मान्य आहे, आमच्या गाडीचा धूरही काही स्वच्छ नाही, आणि हा मुलगा ती रोज कामाला नेणार असता तर मी दिली नसती. पण जी गाडी वर्षातून चारशे-पाचशे किलोमीटर चालते, जपून ठेवली जाते, तिला काहीतरी वेगळा वर्ग हवा की नको? २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, नंबरात "व्हीए" येतं, दहा वर्षांची मुदत मिळते, फक्त रॅली, प्रदर्शन, डिझेल-पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. चांगला नियम आहे, पण त्याला गाडी पन्नास वर्षांवरची लागते. आमची इस्टेट तिथे पोचायला २०४७ उजाडेल. तोपर्यंत पुण्यातच बनलेल्या या गाड्यांमधल्या किती शिल्लक राहतील? तीस वर्षांवरच्या गाड्यांना असाच मर्यादित वापराचा परवाना दिला, तपासणी हवी तेवढी कडक ठेवली, तर सांभाळणारी माणसं आहेत, मी त्यातल्या एकाला भेटलेय.

परवा त्याचा फोन आला होता, पायाखालचा पत्रा नवा झालाय, गिअरबॉक्स दिवाळीनंतर खोलणार आहे. बाबांची वही मी त्याच्याकडेच दिली, त्याने पुढच्या पानावर काळ्या पेनने लिहायला सुरुवात केलीय. अडलंय ते फक्त मागच्या डाव्या लाइटच्या काचेवर. टेल्कोतून निवृत्त झालेल्या कोणाच्या माळ्यावर, किंवा एखाद्या जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात मागे कुठेतरी इस्टेटची ती काच पडलेली असेल, तर कृपया आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयात कळवावं, योग्य ती किंमत देऊ, चिरलेली असली तरी चालेल.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे