माती वाहतेय, म्हणजे नेमकं काय होतंय?

प्रिय विन्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तू दोनदा फोन केलास, तेही उचलले नाहीत. गुडघा ठीक, बीपी आटोक्यात, तब्येतीचं एवढंच. आज लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ‘कुणाला लागलं नाही ना?’ इतकंच विचारतात. नाही लागलं. तरी नऊ दिवस मला धड झोप नाही.

झालं असं. बोगद्यात शिफ्ट सोडताना क्राउनच्या, म्हणजे छताच्या, डाव्या अंगाला दोन फोरपोलच्या (आधाराला पुढे ठोकलेल्या दांड्यांच्या) फटीतून वाळू येत होती. सकाळी ती ओलसर होती तोवर तिने तग धरला. सुकली तशी सुटली. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘क्राउन डावीकडे माती वाहतेय, लक्ष ठेवा’, आणि बाहेर पडलो. रात्रीच्या सुपरवायझरने ‘वाहतेय’ वाचलं आणि पाणी फुटलंय असं धरलं. त्याचं काय चुकलं सांग? आपल्याकडे वाहतं ते पाणीच. त्याने फट बुजवायची सोडून पंप मागवला आणि पाणी काढायला ड्रेन होल मारायला घेतलं. ड्रिलच्या हादऱ्याने वाळू आणखी मोकळी झाली. ड्रिलवरचा पोरगा मागे उडी मारून वाचला. फेससमोर, म्हणजे जिथे खोदाई चालते त्या भिंतीसमोर, ढीग; वर क्राउनच्या डोक्यावर चिमणीसारखी पोकळी. ढीग फटीपर्यंत चढला तेव्हा कुठे वाळू थांबली. मग शॉटक्रीटने, म्हणजे फवारलेल्या काँक्रीटने, तोंड बांधलं, वरची पोकळी ग्राउटने (सिमेंटच्या घोळाने) भरली.

तू हे वाचून आधी उठून उभा राहशील, माहीत आहे मला. ‘रनिंग वेगळं, फ्लोइंग वेगळं, दोन्हीला वाहणं म्हणू नकोस’, हे तू मला किती वेळा बजावलंस! मातीशास्त्रातल्या टेर्झागीने १९५० मध्ये बोगद्यातल्या जमिनीची जी वर्गवारी मांडली, तिच्यात हे दोन सवतेच आहेत. रनिंग म्हणजे कोरडी, न चिकटणारी वाळू. साखरेसारखी घसरते आणि साधारण ३० ते ३५ अंशांचा उतार मिळाला की थांबते. फ्लोइंग म्हणजे पाण्यासकट दाट रसासारखी येणारी माती; ती क्राउनमधूनच काय, इन्व्हर्टमधूनही, म्हणजे तळातूनही, वर येते आणि बोगदा भरून टाकू शकते. पहिलीला फट बुजवायची, दुसरीचं आधी पाणी काढायचं किंवा ग्राउटने तिला बांधायचं. उपाय इतके वेगळे, आणि मी दोघींना एकच क्रियापद दिलं.

आपलं त्या वहीवरून झालेलं भांडण आठवतंय? सगळे शब्द मराठीत आणायचे म्हणून मी वही केली होती. फेस म्हणजे तोंड, आणि पोर्टल, बोगद्यात शिरायची जागा, म्हणजेही तोंड. ‘तोंडापाशी ये’ म्हणालो आणि तू तासभर पोर्टलवर पावसात उभा, मी आत फेसपाशी तुझी वाट बघतोय. त्यानंतर तीन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. क्राउनला माथा म्हटलेलंही तुला पटलं नाही. पटला तो एकच, स्टँड-अप टाइमला, म्हणजे खोदलेला भाग आधाराशिवाय जितका वेळ टिकतो त्याला, ‘तगवेळ’. बोगद्यांचा अभ्यासक लाउफर याने १९५८ मध्ये मांडलेली गोष्ट त्यात नेमकी बसते: आधाराशिवायचा पल्ला वाढवलास की तगवेळ झपाट्याने घटते. हा शब्द पोरं आजही वापरतात. ‘साहेब, तगवेळ संपत आली’ असं ऐकलं की मला तुझी आठवण येते.

म्हणून वही फाडायची का, हे ठरत नाहीये. इंग्रजी शब्दाने तरी काय झालं असतं? ‘रनिंग’ लिहिलं असतं तर रात्रीच्या माणसाला काम चालू आहे असं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्या ड्रिलवाल्या पोराला विचारलं, काय बघितलंस? म्हणाला, ‘पोतं फाटल्यासारखी सांडली, साहेब.’ सांडली! विन्या, इतकी वर्षं हा शब्द आपल्या दोघांच्याही डोक्यात का आला नाही? सांडतं ते कोरडं धान्यही असतं, तिथे पंप कुणी मागवणार नाही. टेर्झागीची वर्गवारीही बोगदेवाल्यांची म्हणूनच ओळखली जाते ना? मग आपण शब्द टेबलावर बसून का शोधत होतो?

आता रजिस्टरच्या पहिल्या पानावर मी तीन ओळी चिकटवल्यात. सुटतेय: उघडी पडल्यावर थोड्या वेळाने तुकडे निखळतात, म्हणजे तुझं रॅव्हलिंग. सांडतेय: कोरडी, रनिंग. वाहतेय: पाण्यासकट, फ्लोइंग. खाली सक्ती, की कोरडी का ओली हे प्रत्येक नोंदीत लिहायचंच. सुपरवायझरची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तो म्हणाला, ‘मी पण विचारायला हवं होतं.’ याने मला जास्तच लागलं.

तुझी बदली झाली का? धाकटीची परीक्षा कशी गेली? वहिनींना नमस्कार सांग, आणि त्यांनी मागितलेले फोटो या आठवड्यात नक्की पाठवतो.

अडलंय ते स्क्वीझिंग आणि स्वेलिंगपाशी. पाणी पिऊन आकार वाढतो त्याला ‘फुगतेय’ बरोबर आहे. पण तडा न जाता, फारशी न फुगता, नुसत्या वरच्या भाराने हळूहळू आत सरकते तिला काय म्हणू? इथली पोरं तिलाही फुगतेयच म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात आपण तसल्याच शेल खडकात शिरतोय. तुझ्या जुन्या टीममधल्या माणसांना विचार, ते काय म्हणायचे. त्याच्या आत कळव.

तुझा,
सुध्या