मंत्रिमहोदय, कॉलेजातल्या एका खोलीची किल्ली हवी आहे

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातून लिहितेय. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मला दीड वर्षाची मुलगी आहे. या दोन गोष्टी मी आजवर एकत्र कुणाला फारशा सांगितल्या नाहीत. कॉलेजात मुलगी लपवायची आणि गावात कॉलेज, अशी सवयच लागली होती. आज दोन्ही उघड लिहिते.

पहिल्या सत्राची परीक्षा आली तेव्हा मुलगी ११ आठवड्यांची होती. अंगावर पिणारं लेकरू, घरी ठेवून यायची सोय नव्हती. सकाळच्या एसटीनं आम्ही तिघी निघालो. मी, सासूबाई आणि दुपट्यात गुंडाळलेली ती. पेपर दोन तासांचा, पण अर्धा तास आधी वर्गात बसावं लागतं आणि मध्ये बाहेर सोडत नाहीत. फाटकाबाहेर चिंचेचं झाड आहे. सासूबाईंनी त्याच्याखाली पोतं अंथरलं. मी सारखी मागं वळून बघत होते, तर त्या म्हणाल्या, "जा तू. मी हाय की हितं."

माझा नंबर पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत होता. तासाभरानं रडणं ऐकू यायला लागलं. दुसऱ्या कुणाचं तरी मूल असेल, असं मी मनाला सांगितलं. मनाला पटलं असतं कदाचित, अंगाला पटलं नाही. पान्हा फुटला. ब्लाऊज भिजला, पदर ओढून घेतला, तोही भिजला. समोर ताळेबंद होता आणि दोन्ही बाजूंची बेरीज काही केल्या जुळत नव्हती. मी हात वर केला. पर्यवेक्षक बाईच होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. वाकून हळूच म्हणाल्या, "बाळा, एकदा बाहेर गेलीस तर परत आत घेता येणार नाही गं. नियम आहे." त्यांचेही डोळे भरले होते. माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ज्यांच्या हातात आहे, त्यांना हे पत्र.

बारावी झाली, विसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा नवी मुंबईत वाशीच्या मार्केटला माथाडी. आमच्या भागातल्या किती चुली त्या मार्केटावर पेटतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कांद्याच्या गोणी वाहता वाहता एकदा त्यांची पाठ धरली आणि तीन महिने ते गावी पडून राहिले. दुकानदाराच्या वहीत उधारी चढत गेली. मी ट्रंकेतून बारावीचं गुणपत्रक काढलं तेव्हा हेच म्हणाले, "शीक तू. माझी पाठ किती वर्षं साथ देईल, सांगता येत नाही." माझ्या शिकण्यामागं यापेक्षा मोठी गोष्ट नाही. मला ऑफिसर व्हायचंय, असं मी म्हणत नाही. एखाद्या पतसंस्थेत, एखाद्या सीएच्या ऑफिसात खुर्चीवर बसून हिशेब लिहायचेत. घरात एकाची पाठ गेली तर दुसऱ्याची बोटं चालली पाहिजेत.

प्रवेशाला गेले तेव्हा सातवा महिना होता. खिडकीतल्या माणसानं आधी माझ्या पोटाकडं पाहिलं, मग अर्जाकडं. "ताई, पुढच्या वर्षी या की." वाईट हेतूनं म्हणाले नसतील, काळजीनंच म्हणाले असतील. पण पुढच्या वर्षी लेकरू रांगणार, त्याच्या पुढच्या वर्षी चालणार, मग दुसऱ्याची विचारणा सुरू होणार. आमच्यातल्या कितीजणींची 'पुढच्या वर्षी' कधी उजाडलीच नाही. माझ्या बारावीच्या वर्गातल्या ज्या मुली आई झाल्या, त्यांतली कॉलेजात पोचलेली मला तरी मी एकटीच माहीत आहे.

मग कागदांची वारी. तीन वर्षांच्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं, म्हणून लग्नाचा दाखला, म्हणून राजपत्र. ग्रामपंचायत, सेतू, झेरॉक्सचं दुकान, परत सेतू. सासरी आलेल्या प्रत्येकीला हे करावं लागतं, त्याबद्दल वेगळं रडगाणं गात नाही. फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावायचा निर्णय सरकारनं घेतला. माझ्या मुलीच्या दाखल्यावर तिच्या नावाला लागून माझं नाव आहे. मला त्याचा अभिमान वाटतो, तो दाखला मी किती वेळा नुसता काढून बघितलाय. पण माझ्या कॉलेजच्या एकाही कागदावर तिला जागा नाही. तिच्या दाखल्यात मी आहे, माझ्या अर्जात ती कुठंच नाही.

बाळंतपणात सहा आठवडे वर्गाला जाता आलं नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आली आणि परीक्षेचा फॉर्म अडला. रात्री मुलीला मांडीवर घेऊन मोबाईलवर शोधत बसले तेव्हा कळलं की, डिसेंबर २०२१ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलंय. पदवी आणि पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा मिळावी, हजेरीत सूट मिळावी, परीक्षेचे फॉर्म भरायला मुदत वाढवून मिळावी, यासाठी नियम करा, असं त्यात म्हटलंय. मी त्याची प्रिंट काढून नेली. कार्यालयात उत्तर मिळालं, "असलं पत्र आमच्याकडं आलेलं नाही." शेवटी प्राचार्यांनी स्वतः लक्ष घातलं आणि अगदी शेवटच्या दिवशी, विलंब शुल्क भरून, फॉर्म गेला. म्हणजे सवलत होती. ती माझ्यापर्यंत यायला तीन वर्षं लागली, आणि आली तीही माझ्याच हातातून. जिच्याकडं मोबाईल नाही, जिला रात्री दोन वाजता शोधत बसण्याइतकं त्राण नाही, तिनं काय करायचं?

साहेब, नोकरी करणाऱ्या आईसाठी कायदा आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं तिला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं, आणि दिवसातून चार वेळा तिनं आपल्या लेकराकडं जाऊन यावं, हेही कायद्यात लिहिलंय. चार वेळा! कुणीतरी तो आकडा लिहिताना बाळाच्या भुकेचा विचार केला असणार. शिकणारी आई मात्र त्या कायद्यात बसत नाही, कारण तिला पगार नाही.

फीची अडचण सरकारनं बरीच हलकी केली, हे मी मान्य करते. २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या कितीतरी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी भरावी लागत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत आम्हाला अर्धं तिकीट आहे, त्याचा मला रोज उपयोग होतो. पण माझ्यापुढचा अडसर फी नाही आणि तिकीटही नाही. कॉलेजात गेल्यावर लेकरू कुठं ठेवायचं, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न इतका साधा आहे की मोठ्या धोरणात तो लिहायचा राहून जात असावा. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मध्येच शिक्षण थांबवून पुन्हा परत येण्याची सोय आहे. फार चांगली गोष्ट आहे. पण जी बाई थांबून परत येते, ती बहुतेक वेळा एकटी येत नाही. तिच्या कडेवर कुणीतरी असतं.

आता माझं शिक्षण कोण करतंय, ते सांगते. सासूबाई. आमची जमीन दीड एकर, तीही पावसाच्या भरवशावर. घेवडा निघाला तर निघाला. घर चालतं ते त्यांच्या रोजगारावर, दुसऱ्यांच्या रानात भांगलण, काढणी, पडेल ते काम. दिवसाची हजेरी ३०० रुपये. मी कॉलेजला गेले की त्या मुलीला सांभाळतात, म्हणजे त्या दिवशीची त्यांची हजेरी बुडते. आठवड्यातून चार दिवस मी जाते. हिशेब तुम्हीच करा, मी कॉमर्सची असूनही तो करायला धजत नाही. त्या कधी बोलत नाहीत. परवा फक्त म्हणाल्या, "तुझं झालं की मग माझी पाठ टेकीन." आमच्या घरात दोन माणसांच्या पाठीवर माझी पदवी उभी राहतेय. तिसऱ्या कुणाचा आधार मिळाला, तर तो सरकारकडून मिळावा असं वाटतं.

हा जिल्हा शिकण्यासाठी झिजलेल्या माणसांचा आहे. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. त्यांनी मुलींना शिकवलं, हे सगळे सांगतात. मला त्यांचं दुसरं एक जास्त जवळचं वाटतं. १८४० मध्ये, नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं आणि त्या शिकल्या त्या लग्नानंतर, सासरी, जोतीरावांच्या हाताखाली. म्हणजे महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाची वाट ज्या बाईनं पाडली, ती सासरी शिकलेली होती. आम्हा सासुरवाशिणींना कॉलेजात पाहून कुणी दचकावं, असं त्यात काही नाही.

आणि लक्ष्मीबाई. त्यांचे पती कर्मवीर भाऊराव पाटील, म्हणजे आमचे अण्णा, यांनी १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली, पुढं साताऱ्यात वसतिगृह चालवलं. तिथल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. आमच्याकडच्या शाळांत हे लहानपणापासून ऐकवतात, मीही भाषणात म्हटलंय. आता ते आठवलं की वेगळंच वाटतं. दुसऱ्यांच्या लेकरांना जेवू घातलं की ती शिकतात, हे त्या माउलीला कळलं होतं. माझी मागणी त्याच्या उलट्या बाजूनं तीच आहे. माझ्या लेकराला तीन तास कुणीतरी जेवू-खाऊ घाला, निजवा, म्हणजे मी शिकेन.

यासाठी नवी इमारत नको. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, तसा प्रत्येक अनुदानित कॉलेजात एक असू द्या. आडोसा, एक बाज, पंखा, पिण्याचं पाणी आणि आतून लागणारी कडी. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या बाईचं नाव त्या खोलीला दिलंय, मग तिथवर पोचायला बाईला पुन्हा कडा उतरावा लागू नये. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी केंद्राची पाळणा योजना आहेच. अंगणवाडीतच पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांपर्यंत. आमच्या कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर अंगणवाडी आहे. महिला व बालविकास खातं आणि तुमचं खातं एकदा एकत्र बसलं, तर ती अंगणवाडी पाळणाघर का होऊ नये? तिथं एका जास्तीच्या बाईला काम मिळेल, ती माझ्या सासूबाईंसारखीच कुणीतरी असेल.

परीक्षेचं तर अगदीच थोडं आहे. हॉल तिकिटाच्या वेळी जी विद्यार्थिनी आपण अंगावर पाजत असल्याचं कळवेल, तिला खालच्या मजल्यावर जागा द्या. महिला पर्यवेक्षकाबरोबर एकदा बाहेर जाऊन येऊ द्या आणि तेवढी मिनिटं शेवटी वाढवून द्या. दिव्यांग मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे वेळ वाढवून देणं आपल्या परीक्षांना नवीन नाही. आणि आयोगाचं ते २०२१ चं पत्र, आपल्या विद्यापीठाच्या नियमासकट, मराठीत, एका पानात, प्रत्येक कॉलेजच्या सूचना फलकावर लावायला सांगा. प्रवेशाच्या खिडकीशेजारी लावलं तर आणखी बरं. पुढच्या वर्षी या, असं म्हणणाऱ्यालाही ते दिसेल.

किती मुलींसाठी हे करायचं, असं कुणी विचारेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पाचातली एक. ही लग्नं थांबायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण जी झाली, त्या मुली आज कुठं आहेत? त्यांना परत बोलवायचं असेल, तर लेकरासकट बोलवावं लागेल.

गेल्या ८ मार्चला कॉलेजनं माझा सत्कार केला. शाल मिळाली, टाळ्या मिळाल्या, मला मनापासून आनंद झाला. सासूबाईंनी ती शाल मुलीच्या पाळण्यात घातलीय, अजून तीच पांघरते. पण त्या कार्यक्रमाच्या वेळीही त्या दोघी चिंचेखालीच होत्या.

एप्रिलमध्ये माझी चौथ्या सत्राची परीक्षा आहे. मुलगी आता चालते, झाडाखाली एका जागी बसत नाही, आणि फाटकाबाहेरच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात. आमच्या कॉलेजात ग्रंथालयाशेजारी एक खोली आहे. मोडकी बाकं भरून ठेवलीत. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी ऊन येतं, दुपारी गार असते. मी डोकावून पाहिलंय. तिचं कुलूप बरीच वर्षं उघडलेलं नाही, किल्ली कार्यालयात खिळ्याला टांगलेली असते. ती द्यायला प्राचार्य तयार आहेत. वरून तसा आदेश आला पाहिजे, एवढंच ते म्हणतात.

आपली,
एक विद्यार्थिनी आणि आई
ता. कोरेगाव, जि. सातारा