मोजणीआधी प्रश्न ठरवा

संपादक महोदय,

वन्यजीव गणनेचे आकडे आले की बातमी ठरलेली: अमुक प्राणी वाढले, तमुक घटले. आपल्या दैनिकातही ती अधूनमधून वाचायला मिळते. पण त्या आकड्यांवरून कोणी काय करायचे ठरवले होते, ते बातमीत शोधूनही सापडत नाही. बहुतेकदा काही ठरलेलेच नसते. आधी मोजू, मग बघू, असा सगळा खाक्या.

ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर पिपिस्ट्रेल जातीचे एक चिमुकले वटवाघूळ होते. त्याची घट १९९०च्या दशकापासून नोंदली जात होती. मोजण्यात कसूर नव्हती. काही वटवाघळे पकडून बंदिवासात वाढवा, असे तज्ज्ञ सांगत राहिले. परवानगी मिळाली २००९च्या जुलैत. ऑगस्टमध्ये पथक कामाला लागले तेव्हा ध्वनियंत्रावर एकाच वटवाघळाची चाहूल लागत होती. २६ ऑगस्टनंतर तीही बंद झाली. संख्या कितीवर आली की पकडायचे आणि तो आदेश कोणी काढायचा, हे कागदावर आधीच असते तर समित्यांच्या बैठकांत ती वर्षे गेली नसती. त्याच देशात २०१०मध्ये नारिंगी पोटाचा पोपट काही वर्षांत रानातून नाहीसा होईल असा अंदाज आला, तेव्हा मात्र बंदिवासातल्या पैदाशीसाठी पक्षी पकडण्याचा निर्णय तातडीने झाला.

नियम आधी आणि मोजणी नंतर, हे अशक्य नाही. अमेरिकेत १९९५पासून रानबदकांच्या शिकारीचा हंगाम असाच ठरतो. वसंतात मॅलार्ड बदके आणि गवताळ प्रदेशातली तळी मोजतात. मग हंगाम बंद ठेवायचा, की कडक, मध्यम वा सैल नियमांनी खुला करायचा, हे आधी मान्य झालेल्या तक्त्यावरून निघते. शिकारीबद्दल आपले मत काहीही असो (माझे फारसे बरे नाही), त्या आकड्याला निदान काम आहे.

दुसरी गोष्ट ‘दिसला नाही’ या शेऱ्याची. समजा, एखादा लाजाळू प्राणी त्या जागी आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे. तीन फेऱ्या मारल्या तरी तो एकदाही न दिसण्याची शक्यता जवळपास ३४ टक्के उरते. म्हणजे ‘नाही’ म्हणून नोंदवलेल्या जागांत तो असूही शकतो. सात फेऱ्या केल्या तर ही चूक ८ टक्क्यांवर येते. तेव्हा शंभर ठिकाणी एकेकदा डोकावण्यापेक्षा निम्म्या ठिकाणी पुन्हा पुन्हा जाणे अनेकदा शहाणपणाचे. याच्या उलट, गेल्या वर्षापेक्षा दुप्पट कॅमेरे लावून ‘प्राणी वाढले’ म्हणणे ही निव्वळ फसगत. वाघांच्या बाबतीत आपण हे भोगले आहे. पंजाचा ठसा ओल्या मातीत एक उमटतो, भुरभुरीत धुळीत दुसराच. तरी वर्षानुवर्षे काचेवर त्याची रेघ उतरवून वाघ मोजले. २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, त्याआधीच्या गणनांत मात्र ते कागदावर होते.

तिसरी गोष्ट तुलनेची. रानात माजणारे घाणेरीचे तण उपटले, पुढच्या वर्षी गवत फोफावले, ससे दिसू लागले. मोहीम यशस्वी! पण त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल तर? काही तुकडे मुद्दाम न उपटता ठेवले आणि उपटण्याआधी दोन्हींकडची नोंद घेतली, तरच याचे उत्तर मिळते. हे काम मोहीम सुरू होण्याआधीच करावे लागते. नंतर कितीही पैसे ओतले तरी ‘आधी’ची नोंद मिळत नाही.

आणि एखाद्या मोजणीचा निकाल काहीही लागला तरी निर्णय बदलणारच नसेल, तर ती सरळ बंद करावी, तो पैसा प्रत्यक्ष संरक्षणाला द्यावा. हे अनेक अभ्यासकांना रुचणार नाही, याची कल्पना आहे.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी गणनेचा आकडा छापताना तीन गोष्टी विचारून सोबत द्याव्यात: किती कॅमेरे किती रात्री होते, गेल्या वेळीही तितकेच होते का, आणि हा आकडा कितीच्या खाली गेला तर कोणता अधिकारी काय करणार आहे.

आपला,
एक नियमित वाचक