चटका बसला की आधी नळ

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल रात्रीचा तुझा फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. मनगटावर तेल उडालेलं, त्यावर टूथपेस्टचा पांढरा लेप, आणि खाली लिहिलेलं, "काही नाही गं, थोडं पोळलंय." लेपाखाली कातडी लाल आहे की पांढरी पडलीय, ते मला दिसेचना. आणि जीव अडकला होता तो त्यातच.

माझ्या डाव्या हातावरचा डाग तू लहानपणापासून पाहतोस. मी दहा वर्षांची होते, पुरणपोळीचा तवा लागला. आजीनं धावत येऊन दौतीतली निळी शाई ओतली. तेव्हा घरोघरी तेच करायचे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना आधी ती शाई पुसून काढावी लागली, तेव्हा कुठे जखम किती खोल आहे ते कळलं. ते पुसणं भाजण्यापेक्षा जास्त झोंबलं, आजही आठवतं. आजीची माया खरी होती, पण शाईनं आतली धग निघत नाही. टूथपेस्टनं, हळदीनंही नाही. तूप-तेल तर ती धग आतच कोंडून ठेवतं.

रात्री फोनवर सांगितल्यावर तू लेप धुतलास आणि हात वीस मिनिटं नळाखाली धरलास, फार बरं केलंस. तेल उडून तासभर झाला होता, तरी ते पाणी वाया गेलेलं नाही. तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. पुढच्या वेळी मात्र गॅस बंद केलास की थेट नळ गाठ. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि हात काढावासा वाटतो, काढायचा नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं. तुमच्याकडे दुपारी पाणी जातं, तेव्हा बादलीतून तांब्यानं ओतत राहायचं. बर्फ लावू नकोस, पोळलेल्या कातडीला त्यानं आणखी इजा होते. आणि हातातलं कडं सूज चढायच्या आत काढून ठेवायचं.

मग उजेडात नीट बघायचं. नुसतं लाल, कोरडं आणि हुळहुळणारं असेल तर आठवडाभरात जातं. फोड आला म्हणजे भाजणं एक थर खाली गेलं. त्याला दोन-तीन आठवडे धर. तो फोड टाचणीनं फोडू नकोस. वरची ती पातळ कातडीच आतल्या ओल्या जखमेला जंतूंपासून जपते. कापूस ठेवलास तर तंतू चिकटतील, म्हणून औषधाच्या दुकानातून न चिकटणारी पट्टी आण आणि सैल बांध. ठणकलं तर पॅरासिटामॉल चालेल, तुला पूर्वी दिलेलं आहेच.

मला खरी भीती वाटते ती न दुखणाऱ्या भाजण्याची. कातडी पांढरट, तपकिरी किंवा चामड्यासारखी कडक झाली आणि तिथे काहीच जाणवत नसेल, तर आतल्या संवेदनाच जळलेल्या असतात. तेव्हा "दुखत नाही" म्हणून घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. बोटं जुळवून स्वतःचा तळवा बघ, अंगाचा साधारण 1 टक्का तेवढा असतो. भाजलेली जागा त्याहून मोठी असेल तरी तेच. चेहरा, हात, पाऊल, सांधा, जांघ या जागा असतील, किंवा विजेचा झटका वा ॲसिड असेल, तर जागा लहान असली तरी दाखवायचंच.

म्हणूनच हे पत्र. आज सकाळच्या फोटोत रुपयाएवढा फोड दिसतोय, आणि तो मनगटाच्या घडीवर आहे. हात वाकला की तो ताणला जाणार. संध्याकाळची प्रॅक्टिकल्स झाली की दवाखान्यात जा, उद्यावर ढकलू नकोस. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन तुला सोळाव्या वर्षी दिलंय, मी डायरीत पाहून सांगतेय. पाच वर्षं झाली. डॉक्टरांना एवढं सांग, पुन्हा द्यायचं का ते ठरवतील. फोडाभोवती लाली पसरायला लागली, पू दिसला किंवा ताप आला, तर मात्र रात्र असली तरी थांबू नकोस.

आणि बाळा, मिरच्या धुतल्यावर फडक्यानं कोरड्या करून मगच तेलात टाकत जा. काल त्याच पाण्यानं तेल उडालं असणार. फोडणीचं भांडंही खोलगट घे, मी पाठवलेली छोटी कढई कपाटात तशीच पडून असेल.

दवाखान्यातून आलास की खिडकीपाशी उभं राहून नवा फोटो पाठव. बाबाही वाट बघताहेत.

तुझी,
आई